पिवळ्या कण्हेरीच्या अर्काबाबत

मी, पंडित नथ्थू बोरसे, वय अडुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, राहणार पांडेसरा, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. अक्षर वाकडे येते. डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणणारा पुतण्या योगराज याला मी कालच घराबाहेर काढले.

१. बँकेतील ठेव मुलगी जयश्री हिला. तिने रडायला धावत येऊ नये, मुलांच्या परीक्षा आहेत.

२. योगराजला माझी सायकल. दुसरे काही नाही. त्याला माझी औषधांची वही हवी आहे, त्यातला अर्क बाटल्यांत भरून विकायचा आहे. विष आहे म्हटले, तर म्हणतो, "काका, कमी टाकू." असल्या माणसाला सायकलसुद्धा जास्तच.

३. ती वही आमच्या कॉलेजच्या औषधशास्त्र विभागाला द्यावी. तिथे मी एकतीस वर्षे प्रॅक्टिकलसाठी बेडूक तयार करून दिले. बेडकाचे हृदय तरफेला जोडले की काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर प्रत्येक ठोक्याची रेघ उठते. अर्जुनाच्या सालीच्या काढ्याने रेघांत फारसा फरक पडेना. पिवळ्या कण्हेरीचा अर्क सोडला, तर ठोके संथ झाले आणि रेघा चांगल्या उंच गेल्या. हृदयाला बळ आले, असे मी वहीत लिहिले. तास संपला म्हणून यंत्र बंद केले. थोडे थांबलो असतो, तर हृदय आवळून बंद पडलेलेही दिसले असते. त्या पानावर आता मी लाल शाईने 'माणसाला देऊ नये' असे लिहिले आहे.

४. माझा शेजारी चिंधा महारू पाटील रंगाच्या मिलमध्ये कामाला होता. १९८७ साली त्याचे पाय सुजू लागले, चार पायऱ्यांत धाप लागे. डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला लावून मी त्याला हा अर्क देऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "भाऊ, आते छाती मोकळी वाटस." मी फुगलो. रोज देत गेलो. बेडकाला एकदाच दिला होता. माणसाच्या अंगात तो साठत जातो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात त्याला जेवण जाईना. म्हणाला, "भाऊ, सम्दं पिवयं दिखस." भिंत पिवळी, ताटातला भात पिवळा. मी हसलो. म्हटले, "दिवसभर रंगाच्या टाकीवर उभा राहतोस, दुसरे काय दिसणार?" तोही हसला. त्या दिवशीचे औषध मी त्याला दिलेच. दोन दिवसांनी तो टाकीजवळ कोसळला आणि जागीच गेला. दाखल्यावर हृदयविकार असे आले. वर्षभराने विभागातल्या एका पुस्तकात वाचले, की पिवळे दिसणे हीच विषबाधेची खूण. पुस्तक मिटून जागेवर ठेवले. तेव्हापासून नऊ वर्षे मी गप्प आहे.

त्याची बायको शोभाबाई दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला खापरावरचे मांडे पाठवते. भाऊंच्या औषधाने त्यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले, असे ती साऱ्या गल्लीला सांगते. मला लाज वाटते, आणि तरी मी ते मांडे खातो.

५. माझी राहती खोली शोभाबाईला द्यावी. मात्र माझ्या मृत्यूनंतर आधी कलम चार तिला वाचून दाखवावे, मगच किल्ली द्यावी. खोली नाकारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तिच्या तोंडावर हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. डॉक्टर म्हणतात, माझे हृदय फार दिवस ओढणार नाही, तेव्हा तिला फार थांबावे लागणार नाही.

६. चिंधाचा मुलगा वाल्मिक याला मी साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावले आहे. त्याने सगळे वाचावे आणि मगच सही करावी.

स्थळ: पांडेसरा, सुरत
तारीख: ४ फेब्रुवारी १९९७
सही: पंडित नथ्थू बोरसे

साक्षीदार:

१. भटू राघो सुतार, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.

२. वाल्मिक चिंधा पाटील. सही माझ्यासमोर झाली. सगळे वाचले. काका, तुमच्या मरणाची वाट आम्ही पाहणार नाही. आई घरीच आहे. चपला घाला, आत्ताच चला आणि तिला तुम्हीच सांगा.