ग्रुपमधून काढलेला माणूस

प्रिय चिमणे,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की सकाळपासून तीन कागद फाडले. तू माझा फोन उचलत नाहीस, ग्रुपमधून आम्हा दोघांना काढून टाकलंस, म्हणून हे पत्र. कुरिअरवाला म्हणाला की उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. त्याला ब्लॉक करता येत नाही, तो दारात येऊन बेल वाजवतो.

आधी कामाचं. शुक्रवारी त्या बसड्रायव्हरचं ऑपरेशन आहे. अडतीस वर्षांचा माणूस, घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र काढावं लागणार. महिनाभर तो ग्रुपवर रोज लिहीत होता की आवाज जाणार असेल तर मला ऑपरेशनच नको, आणि रोज आमचे हे त्याला उत्तर देत होते. यांचं स्वरयंत्र काढलं त्याला आता सहा वर्षं होतील. गळ्याच्या भोकातून श्वास घेतात, हवा गिळतात, ती ढेकरेसारखी वर आणतात आणि तिच्यावर चार शब्द बोलतात. डॉक्टरांनी, बायकोने, सासऱ्याने समजावून जे झालं नाही ते यांच्या उत्तरांनी होत आलं होतं. शेवटी त्याने लिहिलं, ‘काका, शुद्धीवर आल्यावर पहिल्या सकाळी काय होतं ते तुम्ही सांगा, मग मी टेबलावर झोपतो.’ यांनी सोमवारी सांगतो म्हणून शब्द दिला. शनिवारी तू यांना काढलंस. आज मंगळवार. त्या माणसाचा नंबर आमच्याकडे नाही, कारण ग्रुपवर फक्त नावं दिसतात आणि कोणी कोणाला नंबर द्यायचा नाही हा तुझा नियम. कुठलीशी पावडर विकणारा एक भामटा पेशंटांना एकेकटं गाठून फोन करायचा, तेव्हा केलेला. नियम चांगला आहे. पण आज त्याच्यामुळे एक माणूस तिकडे उत्तराची वाट बघतोय, आणि उत्तर इकडे वहीत पडून आहे.

स्वरयंत्र काढलेल्यांचा हा ग्रुप कसा सुरू झाला ते मला सांगायला नको. तुझ्या घरी भाऊजींचं ऑपरेशन यांच्यानंतर आठ महिन्यांनी झालं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तू अकरा जणांचे नंबर गोळा केलेस आणि नियमांचा कच्चा मसुदा माझ्याकडे पाठवलास. आयुष्यभर ऑफिसात मी दुसऱ्यांचे मसुदेच सुधारले. साहेब काहीतरी खरडून द्यायचे आणि मी ते माणसात आणायची. तुझे नियमही मीच माणसात आणले. आता चारशेच्या वर लोक झालेत. भाऊजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की तू ग्रुप बंद करशील. तू तेराव्या दिवशी पुन्हा हजर झालीस. चौदा महिने झाले या गोष्टीला. मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगायची, आमच्या चिमणीसारखी बाई बघा.

आणि तीच चिमणी शनिवारी चार मिनिटांत यांचा मेसेज उडवते! नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका सुताराने विचारलं होतं की आंघोळ कशी करायची. भोकात पाणी गेलं तर थेट फुप्फुसात जातं, बिचारा आठ दिवस अंग पुसून काढत होता. यांनी लिहिलं की फवाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, मान थोडी पुढे झुकव, भोकापुढे हात आडवा धर आणि डोकं वेगळं धू. झालं, नियम मोडला. कारण सुरुवातीला ‘माझा अनुभव’ हे शब्द नव्हते, आणि ते नसतील तर तो डॉक्टरचा सल्ला वाटतो. सहा वर्षं रोज आंघोळ करणाऱ्या माणसाला स्वतःच्या आंघोळीचा दाखला द्यावा लागतो, हे मला नवीनच. बरं, उडवायचाच होता तर आधी यांना एकट्यांना कळवता आलं नसतं? ‘दोन शब्द राहिले, घालून पुन्हा टाका,’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? तू चारशे लोकांसमोर लाल चौकटीत लिहिलंस, ‘नियमभंगामुळे संदेश काढला.’ शाळेतल्या पोराला वर्गाबाहेर उभं करावं तसं. एकसष्ट वर्षांचे आहेत हे. लेथवर पस्तीस वर्षं काम केलं, कोणाच्या तोंडून वावगा शब्द ऐकून घेतला नाही.

पुढचं तुझ्या लक्षात असेलच. यांच्या नावावरून तुला उत्तर आलं आणि तेही सगळ्यांसमोर. ‘ज्यांच्या घरात आता पेशंट उरलेला नाही, त्यांनी जिवंत माणसांवर पहारा देऊ नये.’ तू ते काढलंस आणि यांनाही काढलंस. मग मी माझ्या नंबरवरून भांडायला आले, तर मलाही काढलंस. काढण्याआधी वर टीप लिहिलीस की हे एकाच माणसाचं दुसरं खातं आहे, वाक्यांची धाटणी तीच आहे. माझं डोकंच फिरलं. कॉलेजात एका बाकावर तीन वर्षं बसलो, एकमेकींच्या वह्या उतरवल्या, माझं ‘फौजदारीण’ हे नावही तूच ठेवलंस, आणि तू मला ओळखलं नाहीस? तेव्हापासून घरात भांडी आपटते आहे. हे दोनदा वहीत लिहून विचारून गेले की भांड्यांनी काय केलंय.

तुझी बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. गेल्या वर्षी तुझ्याकडे राहिले तेव्हा पाहिलं मी. तू कणीक मळत होतीस, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि हात बरबटलेले म्हणून त्या पावडरवाल्याची जाहिरात कोपराने उडवत होतीस. मी हसले तर म्हणालीस, ‘हसू नकोस, एखाद्याने खाल्ली ना ती, तर मी कोणाला तोंड दाखवू?’ त्या दिवशी एका बाईने तुला भर ग्रुपवर हुकूमशहा म्हटलं होतं. तू दोन घोट पाणी प्यालीस आणि तिच्याच नवऱ्याच्या गळ्यातल्या नळीबद्दल तिला उत्तर लिहीत बसलीस. कोणी पगार देत नाही, कोणी आभार मानत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही सांगते, फोन करायला हवा होतास. एक फोन, चिमणे. मी तुला शिव्या घातल्या असत्या, तू मला घातल्या असत्यास, आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं.

इकडे यांना वाटतंय की आंघोळीच्या मेसेजमुळे आपल्याला काढलं. शनिवारपासून बोलण्याचा सराव बंद आहे. सकाळी आरशासमोर उभं राहून दहापर्यंत आकडे म्हणायचे, ते नाही. काल गॅलरीत बसून त्या ड्रायव्हरसाठी दीड पान लिहिलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. ‘ग्रुप नाही तर नाही, दुसरा काही मार्ग काढ,’ असं खाली लिहिलं होतं. मी वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे ओट्याला धरून उभी राहिले तेव्हा कळलं की माझा राग गेले तीन दिवस चुकीच्या पत्त्यावर जातो आहे.

तर आता ऐक. यांची बोटं लेथने जाड करून ठेवली आहेत, फोनवर एका अक्षराऐवजी तीन उमटतात. म्हणून हे वहीत लिहितात आणि मी फोनवर उतरवते. उतरवताना सुधारते, ती खोड जात नाही. तू मेसेज उडवलास तेव्हा यांनी वहीत लिहिलं होतं, ‘तिचं बरोबर आहे, ते दोन शब्द घाल आणि परत टाक.’ मी ते टाकलं नाही. ते पहाऱ्याचं वाक्य माझं आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. यांनी ते पाहिलेलंही नाही. धाटणी तू अचूक ओळखलीस, फक्त माणूस उलटा धरलास. भाऊजींवरून तुला तसं का लिहिलं ते मलाही नीट सांगता येत नाही. तुझ्या घरी जे झालं ते आमच्या घरी व्हायचं आहे, ही भीती सहा वर्षं माझ्याबरोबर राहते आहे, आणि त्या दिवशी ती तुझ्यावर ओकले. क्षमा मागण्याची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तरी मागते. यांना परत घे, आणि उद्याच्या उद्या घे. वहीचं दीड पान सोबत जोडलं आहे, त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही. ते जसंच्या तसं त्या ड्रायव्हरला पोचव. मला बाहेरच ठेव. यापुढे यांच्या वहीचा मी फोटो काढून पाठवत जाईन, वाचणाऱ्यांनी अक्षर लावून घ्यावं. आता हे पत्र गॅलरीत नेऊन यांच्या हातात देते. त्यांचं वाचून झालं की मगच पाकीट बंद करेन.

चुकलेली, पण अजून तुझीच,
फौजदारीण