मांजरासह स्थलांतर

प्रिय बॉबिन,

एवढं मोठं बक्षीस घेतलेल्या बाईला अजून बॉबिन म्हणू नये, असं तुझ्या बाबांचं म्हणणं. मी म्हटलं, परिषदेत ती कोणी का असेना, माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी बसून रिकाम्या बॉबिनी मोजत मोठी झालेली पोरगी आहे, मी तिला वाटेल ते म्हणेन. परवा फोनवर तू रुसल्याचं दाखवलं नाहीस, पण तुझा आवाज मला कळतो. बक्षिसाच्या संध्याकाळी तुमच्या लोकांचं जेवण होतं, तू आम्हा दोघांसाठी खुर्च्या धरून ठेवल्या होत्यास आणि मी डोकं दुखतंय म्हणून बाबांना ओढत घरी घेऊन आले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. खरं कारण सांगितलं तर ज्या कामासाठी तुला बक्षीस मिळालं त्यालाच धक्का लागेल, या धास्तीने मी चार दिवस गप्प बसले. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारशील आणि मी गडबडेन, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

आधी कौतुक करू दे, ते माझं राहूनच गेलं. गळ्यात ‘पाहुणे’ लिहिलेला बिल्ला अडकवून मी सकाळपासून त्या इमारतीत हिंडत होते. एकाच वेळी चार हॉलमध्ये चार व्याख्यानं, आणि माणसं एकातून उठून दुसऱ्यात धावतायत, कुणाच्या हातातला चहा पुरा होत नाही. जिन्याखाली ती पोस्टरं लावली होती, प्रत्येकाशेजारी एकेक तरुण उभा, कोणी नजर टाकली की बोलायला सुरुवात. एका मुलीने मला परीक्षक समजून आपलं सगळं पोस्टर समजावून सांगितलं. मीही गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि शेवटी तिला एवढंच म्हटलं की, जॅकेटचं अस्तर मागून उसवलंय, जेवायच्या सुट्टीत दोन टाके घालून देते. दिलेही. तुम्ही सगळे एवढे हुशार, पण एकाच्याही बाह्या मापात नाहीत. तुझ्या होत्या, कारण त्या आदल्या आठवड्यात मी आखूड केल्या होत्या.

तुझं नाव पुकारलं तेव्हा बाबा फोटो काढायला उभे राहिले आणि त्यांनी पुढच्या रांगेतल्या टकलांचे अकरा फोटो काढले. मी काही काढलं नाही, नुसती बघत बसले. त्या अध्यक्षबाई, सकाळपासून प्रत्येकाला दोन मिनिटं उरली की पिवळं कार्ड दाखवणाऱ्या आणि एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनाही वाक्याच्या मध्यात खाली बसवणाऱ्या, त्यांनी तुझी वेळ संपल्यावरही कार्ड टेबलावर पालथंच ठेवलं. बाकी कुणाला दिसलं असेल-नसेल, मला दिसलं. 

तुझ्या बोलण्यातलं मला कळलं ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर हस खुशाल. चोवीस वर्षांपूर्वी अर्धशिशीच्या एका गोळीची चाचणी झाली. सहाशे बारा माणसं. त्यातली एकाहत्तर मध्येच येईनाशी झाली. प्रत्येकाच्या कागदावर ‘सोडण्याचं कारण’ म्हणून एक चौकोन, आणि तो बहुतेकांचा रिकामा किंवा कसाबसा भरलेला. बाकीचे अभ्यासक अशा जागी अंदाज घालून पुढे जातात. तू मात्र हॉस्पिटलकडून रीतसर परवानगी काढून, तिथल्या माणसांकरवी दोन वर्षं पत्रं धाडलीस, फोन करवलेस, आणि बासष्ट जणांची खरी कारणं मिळवलीस. कुणाची बदली झाली होती, कुणाला खेपा घालायचा कंटाळा आला होता. गोळीकडे बोट दाखवणारं जवळजवळ कुणीच नाही. टाळ्या सुरू होणार एवढ्यात तू हात वर केलास आणि पडद्यावर उरलेले नऊ चौकोन आणलेस. नावं नाहीत, नुसते क्रमांक. “हे नऊ जण का गेले ते मला माहीत नाही. त्यातले दोघं-तिघं जरी गोळीमुळे गेले असतील, तर मी आत्ता जे सांगितलं ते मला बदलावं लागेल, आणि मी बदलेन,” असं तू म्हणालीस. बक्षीस हातात पडून दहा मिनिटं झाली नव्हती. बॉबिन, बक्षिसाने वाटला नाही एवढा अभिमान मला त्या वाक्याने वाटला.

मग हॉल जरा सैलावावा म्हणून तू त्या नवांतल्या दोनशे अडतीस क्रमांकाची जुनी नोंद वाचून दाखवलीस. घरातल्या लहान मुलीने फोन उचलला, आई गाव सोडून गेली असं सांगितलं, मांजरही बरोबर नेलं म्हणाली. सगळे हसले. मांजराचीसुद्धा नोंद ठेवणाऱ्या नर्सबाईंना माझा नमस्कार, असं तू म्हणालीस आणि पुन्हा हशा. बाबा तर डोळे पुसायला लागले. मी तेवढी हसले नाही.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला ते दिवस आठवायचे नाहीत. महिन्यातून पाच-सहा वेळा माझं अर्धं डोकं असं फुटायचं की पडदे ओढून, तोंडावर ओला रुमाल टाकून मी पडून राहायचे आणि तू दाराशी बसून कुणाला आत येऊ द्यायची नाहीस. दर मंगळवारी मी हॉस्पिटलात जात होते हे बाबांनाही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले असते, स्वतःवर कसले प्रयोग करून घेतेस. गोळ्या सुरू झाल्या आणि डोकं निम्म्यावर आलं. डॉक्टर इतके खूश झाले की मला म्हणाले, तुमच्यासारखे सगळे असते तर काय हवं होतं. आणि तिसऱ्या महिन्यात माझे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. शिंप्याच्या दुकानात कामाला होते, तिथे हाताने काजं करणारी मी एकटी, गिऱ्हाइकं माझी काजं उलटून बघायची, आणि माझी काजं वाकडी यायला लागली. दोन आठवडे मी दिव्याला नावं ठेवली. डॉक्टरांना सांगायला जीभ रेटेना, एवढा आनंदी माणूस. शेटजींना कळलं असतं तर कात्री-सुई काढून घेऊन मला गिऱ्हाइकांची मापं लिहायला बसवलं असतं. मी गोळ्या बंद केल्या. दहा दिवसांत हात थांबले, डोकं पुन्हा सुरू झालं. मी हात निवडले, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पस्तावा वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या नर्सबाईंनी दोनदा फोन केला तो मी घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तुला पुढे केलं आणि कानात सांगितलं, आई इथे राहत नाही म्हण.

गाव सोडून गेली, हे तू तुझ्या मनाने घातलंस, म्हणूनच हॉस्पिटलचं पत्र या पत्त्यावर कधी आलं नाही. मांजरही तुझंच. वर्षभर मांजर हवं म्हणून तू माझ्या मागे लागली होतीस, आणि मी आणून दिलं नव्हतं. ज्या पोरीचं सगळ्या हॉलला हसू आलं, ती तूच. चाचणीत मिळालेलं माझ्या क्रमांकाचं जाड कार्ड माझ्या मशीनच्या खणात अजून आहे, दोन काजांमधलं अंतर मी इतकी वर्षं त्यानेच आखत आले. कोपरे झिजलेत, पण २३८ स्वच्छ दिसतंय. मला खरी गोळी दिली होती की औषध नसलेली नुसती पांढरी वडी, ते मला माहीत नाही. एका बाईच्या हातांवरून काही ठरत नाही, असं तू म्हणशील. मग ठरवू नकोस, पण तो चौकोन असा खोटा ठेवू नकोस. आणि आईने सांगितलं म्हणून तू स्वतः भरू नकोस, त्यात खोट काढतील. तुमच्या नियमाने दुसऱ्या कुणाला तरी माझ्याकडे पाठव, मी कार्ड काढून ठेवलंय, विचारतील ते सगळं सांगेन. या वेळी फोन मी स्वतः उचलेन. त्यामुळे तुझा निष्कर्ष बदलला तर बदलू दे. पुढच्या परिषदेत तू उभी राहून, मागच्या वर्षी मी म्हणाले त्यात हे कमी होतं, असं सांगशील, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसेन आणि जेवल्याशिवाय घरी यायची नाही. चोवीस वर्षांपूर्वी मी तुझ्या तोंडून खोटं बोलवलं. तूच मोठी होऊन ते खोटं शोधत माझ्या दारापर्यंत आलीस, यापरतं मोठं बक्षीस मला कुणी देणार नाही. म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई
क्रमांक २३८
कारण: हात थरथरत होते. स्थलांतर केले नाही. मांजर नव्हते.