यंदाची लादीन आमच्या घरची

२ मे
अर्धांगाच्या झटक्यानंतर बस्त्यावला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात थोडा उचलतो. वाचा गेली ती गेलीच. पाणी हवं असलं की नुसता कपाळाला आठ्या घालतो; मी तांब्या, पंखा, गोळ्या एकेक दाखवत बसते. वाडीतल्या क्रुसाकडे इतकी वर्षं लादीन, संतांच्या नावांची प्रार्थना, गाणारा माझा नवरा. देवा, वाचा न्यायचीच होती तर माझी न्यायचीस. शेजाऱ्यांनी आभार मानले असते.

५ मे
लादिनीचा मान यंदा आमच्या घराचा. नणंद आली, रोझी. "ह्या वर्सा रवांदे गो. पुढल्या घराक मान दी. देवाक कळता." म्हटलं, कळतं म्हणूनच करायची. ती गेल्यावर रडले. संतांची नावं आता मलाच घ्यावी लागणार, आणि माझा गळा...

९ मे
डॉ. म्हणाल्या, वाचा येईलही, नाहीही. मी "येईलही" तेवढं घेऊन घरी आले.
प्रसादाचे चणे भिजवायचे, नारळ खवायचे. सगळं एकटीच करतेय म्हणून शेजारच्या सुमनवहिनी रागावल्या. "खुरसाकडे मी पण मेणबत्ती लावतंय मगे. माका सांगूक नको?"
देवाशी भांडण चालूच. भरवसाही चालूच.

१४ मे
झाली लादीन.
बस्त्यावला खुर्चीत पुढे बसवलं. मी सुरुवात केली, सूर गेला भलतीकडे, पोरं हसली. दोन-तीन नावं झाली. दर नावामागून लोक गातात त्या उत्तरात एक जाड आवाज मिसळला. वळून बघते तर बस्त्याव. डोळे मिटून गातोय, शब्दन्शब्द. बाकीच्यांनी उत्तर त्याच्यावरच सोडलं. मी नाव घ्यायचं, त्याने एकट्याने उत्तर द्यायचं, असं शेवटपर्यंत. रोझी तिथेच मातीत बसली. सुमनवहिनींच्या हातात चण्यांचं पातेलं तसंच.
देव मोठा आहे. मोठा आहे.
नंतर विचारलं, चणे देऊ? तोंड उघडलं, शब्द नाही. तो रडला. मी नाही. माझा देव अर्ध्यावर सोडणारा नव्हे.

१६ मे
डॉ.ना सांगितलं. हसल्या. गाणं म्हणे मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं, पुष्कळांचं असं होतं. रोज गाऊन घ्या म्हणाल्या. दुसऱ्या बाजूला ते कुणी ठेवलं, हे मी विचारलं नाही. बाई चांगली आहे.

३० मे
रोज लादिनीच्या चालीवर पाणी, भात, चहा गातोय दोघं. बस्त्यावचं नुसतंच हूं हूं. रोझी म्हणते, वेड लागलंय मला. लागू दे.

४ जून
सकाळी चहाचं आधण ठेवत होते. मागून लांबलचक सुरात आलं, "च्या दी गो, मर्यान..."
माझ्या नावासकट. भांडं घट्ट धरलं, नाहीतर हातातून पडलंच असतं.
सुराशिवाय कधी बोलेल का, कुणास ठाऊक. मीही गाऊनच विचारलं, साखर किती.