तुझ्या शहरात आमची बस थांबते

प्रिय दादा,

आम्ही येत आहोत हे आईने तुला फोनवर सांगितलंच असेल. कसं सांगितलं असेल तेही मला साधारण ठाऊक आहे. आधी हवामान, मग गुडघे, आणि ठेवता ठेवता "अरे हो, एक राहिलंच." त्यामुळे बातमी म्हणून पुन्हा लिहीत नाही. सहल टूर कंपनीची आहे, सोबत गाईड आहे, आम्हा तिघांची नावं नोंदवून झाली आहेत, आणि कंपनीच्या पत्रकात तुझ्या शहरासमोर "फोटो-स्टॉप" असं छापलं आहे. तू जिथे इतकी वर्षं राहतोस, भाडं भरतोस, केस कापून घेतोस, ते गाव आमच्या लेखी बसमधून उतरून, नदीवरचा पूल चालत ओलांडून, पलीकडे पुन्हा बसमध्ये चढण्याएवढं आहे. राग मानू नकोस. पत्रक मी लिहिलेलं नाही.

घरात तयारी जोरात आहे. आई नवे बूट घालून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारते, म्हणजे तिकडे गेल्यावर ते चावणार नाहीत. फरशीवर त्यांचा असा काही चिरका आवाज होतो की मी दार लावून घेते. बाबा शेजारीच पेपर वाचत बसलेले असतात, त्यांना त्याचं काही नाही. बॅगा पलंगावर तोंड उघडून पडल्या आहेत. मी हुकाला लटकवून वजन करायचा काटा आणला आणि आईच्या बॅगेतून दोन शाली आणि एक इस्त्री बाहेर काढली. हो, इस्त्री. आई म्हणाली, "हिला जन्मल्याबरोबर काट्यावर ठेवलं होतं, तेव्हापासून ही खाली उतरलीच नाही." बाबांनी पेपरमधून मान वर केली, आम्ही हसतोय हे पाहिलं आणि तेही हसले. त्यांचं हे नेहमीचंच आहे, पण त्याबद्दल पुढे लिहिते.

जो तो विचारतो, मग काय, मजा आहे ना. शेजारच्या काकू तर जिन्यात अडवून विचारतात. मी "हो, खूप" म्हणते, कारण त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येत नाही. माझं काम तुला माहीत आहे. लोकांचे दाबमापक, तापमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात, ते खरं दाखवतात की नाही हे मी तपासून देते. एखाद्या उपकरणाचा काटा गरमात ठेवलं तरी हलत नाही आणि गारात ठेवलं तरी हलत नाही, असं झालं तर ते बिघडलं म्हणून आम्ही लगेच शिक्का मारत नाही. आधी ते जोडलेलं आहे का ते पाहतो. सध्या मी स्वतःबद्दल एवढंच म्हणू शकते. पत्रकातले डोंगर, तळी, काचेच्या छताची बस, सगळं नीट वाचलं. वाचून पत्रक घडी घालून ठेवलं.

पासपोर्ट नवे काढावे लागले नाहीत. तेव्हाचेच आहेत. कशासाठी काढले होते ते तुला सांगायला नको. आतली पानं अजून कोरी आहेत. फोटोवाल्याने बाबांना हसू नका म्हणून बजावलं होतं, आणि ओठ त्यांनी सरळ ठेवलेही होते, पण गालांनी ऐकलेलं नाही. आजोबा होणाऱ्या माणसाचा फोटो आहे तो. आता तोच दाखवून ते फोटो-स्टॉप बघायला निघाले आहेत.

ही सहल बाबांनी निवडली. आईला समुद्राकाठची हवी होती, तिच्यात चालायचंही कमी होतं. बाबा म्हणाले, "समुद्राचं काय कौतुक? पाणीच ते." आई म्हणाली, "आणि इथे काय आहे?" तर म्हणे, "डोंगर आहेत." या माणसाने आजवर कधी डोंगराकडे मान वर करून पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मी पत्रकाकडे पाहिलं, आणि विषय संपला. आपल्या घरात विषय असेच संपतात.

बाळ गेलं त्या दिवसानंतर तू बाबांशी बोललेला नाहीस. फोन आईच्या मोबाइलवर करतोस आणि बाबा खाली फिरायला गेलेले असतील अशी वेळ बघून करतोस. कधी वेळ चुकली आणि ते घरात असले, तर तुझं नाव ऐकायला मिळेल अशा जागी ते थांबत नाहीत. उठून गॅलरीत जातात आणि दोरीवरचे कपडे काढायला लागतात. ओले असले तरी काढतात. आई मग ते पुन्हा वाळत घालते.

मला कारण माहीत नव्हतं. मला वाटलं, दुःखाने माणसं अशी होतात, आणि बाबा तर मुळातच कमी बोलणारे. जन्मभर पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या मशीनशेजारी उभा राहिलेला माणूस, तो काय गप्पा मारणार? हाक मारली की ओ देत नाहीत, तो तुसडेपणा. टीव्ही मोठ्याने लावतात, तो हट्ट. काहीही सांगायला जा, "बरं बरं, छान" म्हणून मोकळे होतात, तो अलिप्तपणा. कानाचं यंत्र घेऊन झालं आहे, ते डबीसकट कपाटात आहे. "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." आपण सगळ्यांनी त्याला स्वभाव म्हटलं आणि आई शेजारी बसून प्रत्येक गोष्ट त्यांच्या डाव्या कानाशी पुन्हा सांगत राहिली. त्यामुळे थोडं कमी ऐकू येतं म्हणजे किती कमी, हे कधी कुणाला कळलंच नाही.

मग टूर कंपनीने जाणाऱ्या सगळ्यांची सभा घेतली. खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर पडदा, आणि आमची गाईडबाई, जिचा आवाज ऐकून आई म्हणाली की हिला बसचा भोंगा लागणार नाही. तिने प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र आणि कानात घालायची एक बोंडी दिली. सहलीत ती माइकवर बोलत पुढे चालणार आणि मागे कितीही लांब असलेल्याला कानात ऐकू येणार. सगळ्यांनी घातलं. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं, त्यांच्या वयाचे, त्यांच्याहून तरुण, एक कॉलेजातली मुलगी, सगळ्यांच्याच कानात ते होतं. मग त्यांनीही घातलं. आवाजाचं चाक ते फिरवत गेले आणि एका जागी थांबले. गाईडबाई कुठल्या तरी किल्ल्याबद्दल सांगत होती आणि बाबा मोठ्याने म्हणाले, "ही बाई बोलते किती स्वच्छ!" सगळी सभा हसली. मी त्यांच्या यंत्राकडे पाहिलं. चाक शेवटपर्यंत गेलं होतं. मी माझं तेवढ्यावर नेऊन पाहिलं आणि लगेच कानातून ओढून काढलं.

शेवटी प्रश्न विचारायचे होते. लोकांनी जेवणाचं विचारलं, पैसे बदलून घ्यायचं विचारलं, एकाने संडासांचं इतकं खोलात जाऊन विचारलं की त्याच्या बायकोने त्याला खाली बसवलं. बाबा चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "त्या पुलाच्या गावात खाली उतरायला मिळतं ना? की बसमधूनच?" उतरायला मिळतं, पूल सगळा चालत जायचा आहे, असं गाईडबाईने माइकवर सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. आईने त्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं नव्हतं. बाबा खाली बसले आणि आई तिच्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली.

निघताना मी गाईडबाईकडून माइक मागून घेतला. यंत्र किती अंतरावर चालतं ते मला बघायचं होतं, बाकी काही मनात नव्हतं. आई-बाबा पटांगणाच्या पार टोकाला गाड्यांपाशी पोहोचले होते, माझ्याकडे पाठ होती, आणि बाबांच्या कानात ती बोंडी अजून होती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे दिसत होतं ते बोलले. आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, बाबा, कॉलर मागून दुमडली आहे. ते वळले नाहीत. त्यांचा हात मानेमागे गेला आणि त्यांनी कॉलर सरळ केली. मी न ओरडता काही सांगितलं आणि त्यांनी ते केलं, असं शेवटचं कधी घडलं होतं ते मला आठवेना. काटा हलला एवढं नोंदवते. किती हलला ते लिहीत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनीचा फोन आला. तुमच्या पुलावर वारा फार असतो, कानटोप्या आणा, हे सांगायला तिने केला होता. मग बोलता बोलता तिने ते सांगितलं. तू सांगितलं नव्हतंस, तिनेही सांगायचं नव्हतं. त्या दिवशी तू आधी बाबांना फोन केला होतास. आईला सांगायचा धीर होत नव्हता म्हणून आधी त्यांना. बाबा, बाळ गेलं, एवढं तू म्हणालास, आणि ते म्हणाले, "बरं बरं. छान. आईला देतो."

दादा, त्यांनी चुकीचं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. फोनवर त्यांना तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. तुझा आवाज आला की ते "बरं बरं, छान" म्हणतात आणि फोन पुढे देतात. इतकी वर्षं प्रत्येक वेळी हेच करत आले आहेत. तुला बढती मिळाली तेव्हाही, घर बदललंत तेव्हाही. तेव्हा ते शोभून गेलं.

मी हे आईला सांगितलं. तिच्या हातात एक बूट होता, तो तिने तसाच मांडीवर ठेवला. मग तिने तिच्या बाजूची गोष्ट सांगितली. फोन तिच्याकडे आला आणि तू तिला सांगितलंस. तासाभराने तिने बाबांना शेजारी बसवून त्यांच्या डाव्या कानाशी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला नाही सांगितलं त्याने. फोनवर मीच होतो आधी. तरी तुलाच सांगितलं." त्यानंतर त्यांनी तुझ्याशी बोलायला फोन हातात घेतलेला नाही. तू त्यांच्यावर रुसलास आणि ते तुझ्यावर, आणि मध्ये बसून आई दोघांना हवामान कळवत राहिली.

आईने माझ्याकडून वचन घेतलं आहे की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. "आपण छान म्हणालो हे त्यांना कळलं, तर तो माणूस पुन्हा माझ्याशीसुद्धा बोलायचा नाही." मला ते पटतं. म्हणून हे फक्त तुला कळवते आहे. ते "छान" आता तुझ्याकडेच राहू दे.

आता हे पत्र का लिहिलं ते. गाईडबाईच्या पिशवीत एक जास्तीचा माइक असतो. तो ती मला तुमच्या पुलावर देणार आहे, मी विचारून ठेवलं आहे. तिने कशासाठी ते विचारलं नाही, बॅटरी तेवढी परत कर म्हणाली. बाबांचं यंत्र मी बसमध्येच त्या माइकला जोडून ठेवीन, म्हणजे बाकीची मंडळी पुलाचा इतिहास ऐकत पुढे जातील आणि त्यांच्या कानात दुसरं कुणी नसेल. दिवस आणि वेळ आईने तुला दिलीच आहे. बस अलीकडच्या टोकाला थांबते, तिथेच मी मागे राहीन. आई त्यांना धरून पुढे चालत जाईल, तिला माहीत आहे. तुला त्यांच्या समोर यावं लागणार नाही. मी तुझ्या हातात माइक देईन आणि बाजूला होईन. त्या दिवशी जे सांगितलं होतंस ते त्यांना पुन्हा सांग, पहिल्यांदाच सांगतो आहेस असं सांग, कारण ते पहिल्यांदाच आहे. मोठ्याने बोलू नकोस, गरज नाही. यायचं नसेल तर कळवायचीही गरज नाही, माइक परत पिशवीत जाईल आणि आम्ही फोटो काढू. आणि आलास, बोललास, आणि ते वळलेच नाहीत, तर लगेच काही ठरवू नकोस. त्यांचा हात कुठे जातो ते बघ.

तुझीच,
मोजपट्टी