रेइनोचे कान

१२ फेब्रुवारी
परत आलं! रेइनोच्या सैनिकी भरपाईचं अपील तिसऱ्यांदा फेरतपासणीला खाली पाठवलंय. मंडळ म्हणतं — बहिरेपण व्हिएतनाममधल्या तोफांमुळे की नंतरच्या लाकूडगिरणीमुळे, ते नीट तपासा. नवा डॉक्टर, नवे पुरावे. आता तोफांचीच साक्ष काढायची राहिलीय!
खिमा भरलेली पास्टी वाढताना नवऱ्याच्या तोंडावर गोड हसून म्हणाले, "गीळ, ठोंब्या." तो म्हणाला, "आइली, मस्त झालीय." इतकी वर्षं हाच माझा विरंगुळा.

१५ फेब्रुवारी
सैनिक मदत कचेरीतल्या मिसेस कोइल म्हणाल्या, "बायकोची साक्ष हवी. बहिरेपण कधी लक्षात आलं?"
सांगितलं — लढाईवरून घरी आला त्याच दिवशी. मी कानात जे कुजबुजले, ते ऐकून भिंत लाजली असती. हा म्हणतो, "हो, थंडी आहे खरी."
बाई हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. "हे लिहायचं?"
लिहा! मंडळाचीही जरा करमणूक होऊ दे.

२० फेब्रुवारी
सरोवरावरून बर्फ. दार उघडेना.

४ मार्च
तपासणी. डॉक्टरीणबाई समोर बसून बोलल्या. रेइनोची सगळी उत्तरं बिनचूक! मनात म्हटलं — गेलं अपील! मग त्यांनी तोंडासमोर कागद धरला. रेइनो ठार बहिरा. कागद काढला — पुन्हा पोपटासारखा बोलतोय.
"ओठ वाचायला कुठे शिकलात?"
"घरीच. सैन्यातून आल्यापासून. बायको रोज समोर बसून शिव्या देते."
येताना गाडीत मी तोंडावर मफलर गुंडाळून बसले. हा मेला शिट्टी वाजवत गाडी चालवतोय!

५ मार्च
"किती कळायचं तुला?"
"सगळं."
"ठोंब्या?"
"ते तर लाडाचं. माझ्या आईला काय म्हणायचीस ते सांगू?"
नको!

१८ एप्रिल
मंजूर! तोफाच! मिसेस कोइलनी फोनवर किंचाळून सांगितलं. रेइनो माझे ओठ वाचून मला उचलायला गेला. कंबर धरली — त्याची.

१९ एप्रिल
आज विचारलंच. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात न्याहारी वाढताना असंच हसून म्हणाले होते, "आज बहिणीकडे जातेय. परत येणार नाही." दुपारी निघाले, पुलापासून मागे फिरले. त्याला पत्ताच नाही, असं आजवर धरून चालले.
"तेही वाचलं होतंस?"
"हो. म्हणून तर तुझ्या गाडीची टाकी भरून आणली होती. बर्फात वाटेत अडकली असतीस."