समजूतदार पट्टा

आई, तुला माझी गाडी माहीत नाही, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे चाकाची वस्तू एकच होती, तुझं पायमशीन, आणि तेही जागचं हलत नसे. आता तुझी धाकटी लेक कर्वेनगरला राहते, सत्तरीला टेकली आहे आणि एक म्हातारी पांढरी गाडी बाळगून आहे. गाडी ह्यांनी हौसेनं घेतली होती. हे गेले, गाडी राहिली. चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले आणि बॉनेट उघडून आत बघायला त्याहूनही नंतर. शाळा माझी मधेच सुटली हे तुला ठाऊकच आहे. मला जे काही येतं ते असं वाकून बघूनच आलेलं आहे. तर त्या गाडीनं मी दर शनिवारी लोणी काळभोरला ताईकडे जाते. तिचे गुडघे कुरकुरतात, तिला इकडे येववत नाही. मी गेले की आम्ही दोघी ओट्यावर बसतो, शेंगा सोलतो आणि तुझ्या नकला करतो. रागावू नकोस, प्रेमानं करतो.

मध्यंतरी ही गाडी किंचाळायला लागली. सकाळी चालू केली की मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज यायचा आणि समोर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायचा. मुलगा म्हणाला, "आई, तू निघालीस की अख्ख्या सोसायटीला जाग येते. लोकांनी अलार्म लावणं बंद केलंय." हसलो दोघंही. पण एका रात्री जेवताना त्यानं विषय काढलाच. "रविवारी एक जण गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. मावशीकडे जायचं असेल तेव्हा मला सांग, मी कॅब बुक करून देईन. आता जरा समजूतदारपणे घे ना." मुलगा वाईट नाही गं, काळजीपोटीच बोलतो. पण कॅब तो बुक करणार म्हणजे त्याची मीटिंग संपल्यावर, त्याच्या लक्षात राहिलं तर. म्हणजे ताईला भेटायचं की नाही हे माझ्या हातात राहणार नाही. आणि त्यात त्यानं नेमका तो शब्द काढला, समजूतदार. भात पुढ्यात तसाच राहिला, कारण तो शब्द तुझा होता.

शनिवार पेठेतली आपली खोली डोळ्यांपुढे येते. खिडकीशी मशीन, मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि तू पाय हलवत, तोंडात टाचण्या धरून आमच्याशी बोलतेस. टाचण्या न पाडता बोलणं ही तुझी कला होती, ती आम्हा दोघींना साधली नाही. मशीनचा चामड्याचा पट्टा वापरून वापरून सैल पडतो, खालचं चाक फिरतं आणि वरचं नुसतं बघत बसतं. मग तू त्याचा जोड उघडतेस, टोकाचा इवलासा तुकडा कापतेस, पुन्हा जोडतेस आणि मधोमध अंगठा दाबून बघतेस. एकदा हे काम मी हट्टानं मागून घेतलं. ऐटीत चांगला मोठा तुकडा कापला आणि पट्टा असा ओढून बसवला की तुझा पाय जड झाला, मशीन कण्हायला लागलं. तू टाचण्या काढून ठेवल्यास, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "पट्टा लावलायस की सूड उगवलायस?" असं म्हणालीस. मग माझा अंगठा धरून पट्ट्यावर ठेवलास आणि सांगितलंस, पट्टा समजूतदार हवा, दाबला की दबला पाहिजे. पुढेही तू काहीतरी म्हणालीस, पण मी तेव्हा फुगून बसले होते. त्यानंतर घरात समजूतदार ठरली ताई आणि ताठ ठरले मी. म्हणून तो शब्द मला कायम टोचत आला. कुणी समजूतदार हो म्हणालं की मला वाटतं, हा मला दाबायला आला.

मुलाला म्हटलं, "शनिवारी तू माझ्याबरोबर लोणीला चल. पट्टा मी बदलते. जाता-येता गाडी ओरडली, तर रविवारी खुशाल दे. नाही ओरडली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." त्यानं हात पुढे केला. "डन." हल्ली लोक शब्द देतात तो असा देतात.

गाडीचा पट्टा तुझ्या मशीनच्या पट्ट्याचाच भाऊ समज, फक्त रबराचा आणि रुंद. इंजिनाच्या जोरावर तो अल्टरनेटर नावाचा डबा फिरवतो आणि त्या डब्यातून बॅटरीला वीज मिळते. पट्टा सैल पडला की तो घसरतो, किंचाळतो आणि बॅटरी उपाशी राहते. शुक्रवारी सकाळी गार गाडीचं बॉनेट उघडलं, आधी बॅटरीची वायर काढून बाजूला केली. अल्टरनेटरचे दोन बोल्ट सैल केले, खालचा ज्यावर तो डुलतो तो, आणि वरचा ज्याच्या खाचेत तो पुढंमागं सरकतो तो. डबा इंजिनाकडे ढकलला, जुना पट्टा अलगद निघाला. आतल्या बाजूनं कोरड्या ओठांसारखा भेगाळला होता बिचारा. नव्याशी लांबी ताडून पाहिली, पुल्या म्हणतात त्या चाकांच्या खाचांत नीट बसवला आणि लाटण्याची तरफ करून डबा बाहेर ओढायला लागले. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क पिशवी घेऊन खाली आले. थांबले. आत डोकावले.

"वहिनी, पोळ्या आता इथं करता वाटतं?"

"हो, आपल्यासाठी दोन टाकू का?"

"नको. तुमच्या पोळ्यांना ग्रीसचा वास असतो." असं म्हणून गेले. परत येताना मात्र गुपचूप टॉर्च धरून उभे राहिले, वरचा बोल्ट घट्ट होईपर्यंत.

बॅटरी जोडली, गाडी चालू केली. किंचाळी गेली होती, पण एक बारीक कण्हणं सुरू झालं होतं, आणि ते मी ओळखलं. इतक्या वर्षांनी पुन्हा सूड उगवला होता मी. हरायचं नाही म्हणून ओढ ओढ ओढला होता पट्टा. असा ठेवला तर अल्टरनेटरच्या बेअरिंगचा जीव जातो. मग गाडी बंद करून बोल्ट सैल केला, अंगठा दाबला आणि तुझं वाक्य आठवलं, दाबला की दबला पाहिजे. दबला. चांगला दबला. बोल्ट आवळून गाडी पुन्हा चालू केली, कण्हणं गेलं, बॅटरीचा दिवाही विझला. वाटलं, झालो आपण समजूतदार एकदाचे.

शनिवारी हडपसरची गर्दी ओलांडून लोणीपर्यंत गाडी तोंडातून ब्र न काढता गेली. मुलगा शेजारी बसून कान देत होता, मी गाणं गुणगुणत होते. ताईनं जेवायला वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. निघेपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी चालू केली, दिवे लावले, आणि आई, अशी किंचाळली की ताईच्या गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली.

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी चावी फिरवून गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. डोक्यात एकच, की पुढच्या शनिवारी ताई ओट्यावर एकटी.

ताई काठी टेकत आली. शनिवार पेठेत जन्मलेली तुझी थोरली लेक आता पक्की लोणीची झाली आहे, तिचं बोलणं ऐकून तू टाचण्या गिळल्या असत्यास. "उघड की ते तोंड तिचं," ती म्हणाली. मी बॉनेट उघडलं. तिनं काठी मुलाच्या हातात दिली आणि पट्ट्यावर अंगठा दाबला.

"ह्यो नुसता दबतोय गं."

"समजूतदार हवा ना? आईच म्हणायची."

"आन् पुढचं? दाबला की दबला पायजे, सोडला की जाग्यावर आला पायजे. दोन्ही असंल तर समजूतदार हाय. नुसता दबतो त्याला ढिला म्हणत्यात, धाकटे. तू निम्मंच ऐकलंस, रुसून बसली व्हतीस."

नवा पट्टा पहिल्या धावेत थोडा ताणतो हे मी वाचलं होतं, त्यात मी तो आधीच ढिला सोडलेला आणि वर दिव्यांचा भार. पण मला तेव्हा पट्ट्याचं काही वाटत नव्हतं. एवढं साधं वाक्य, आणि मी आयुष्यभर त्याचा पहिलाच अर्धा भाग अंगाला लावून घेतला होता. तो शब्द मला दाबायला आलेला नव्हताच कधी. मी हसायला लागले, ताई हसायला लागली, आणि मुलगा दोन म्हाताऱ्यांमध्ये काठी धरून उभा.

आधी चहा झाला. मग ताईचं मुसळ आणलं. मुलानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि त्याची तरफ करून अल्टरनेटर धरला, मी पाना फिरवला. मी त्याचा अंगठा धरून पट्ट्यावर ठेवला, जसा तू माझा ठेवला होतास. "दाब. आता सोड." तो म्हणाला, "येतोय परत." ताई म्हणाली, "तुझी आय बी आशीच हाय, बाळा. दाबशील तेवढी दबंल, पर जागा सोडायची न्हाई." तो लाजला. परतीच्या वाटेवर गाडी गप्प होती. फुरसुंगी ओलांडल्यावर त्यानं फोन काढला आणि कुणाला तरी सांगितलं, "उद्या येऊ नका. गाडी विकायची नाहीये. नाही, किमतीचा प्रश्न नाही, घरच्यांचा विचार बदलला." घरचे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते गाडीच्या कप्प्यात, पान्याशेजारीच राहील. एक मात्र कबूल करते. पट्टा आता अगदी बरोबर आहे, त्याला काही महिने हात लावायची गरज नाही. तरी मी रोज सकाळी खाली जाते, बॉनेट उघडते आणि मधोमध अंगठा दाबून सोडते. वरच्या मजल्यावरचे विचारतात तेव्हा सांगते, तपासते आहे.