एकटं पुढचं लिंबू

असोदा, पौषातला सोमवार, दिवेलागण

नारू आत्ताच गेला. हा माझा नातू, धुळ्याच्या शाळेत मास्तर आहे, पोरांना फुटबॉल शिकवतो, म्हणजे पगार घेऊन खेळतोच म्हणा. जळगावला सामना होता म्हणून काल माझ्याकडे मुक्कामाला आला. भरीत खाता खाता त्याने आपली पोरं म्हणून जमिनीवर लिंबं मांडली. बठ्ठी, म्हणजे सारी, मागे, एकच लांब पुढे. म्हणाला, "समोरची पोरं दांडगी आहेत. मागे राखत बसलो तरच हरणार नाही."

मला त्या पुढच्या लिंबाचंच वाईट वाटलं. म्हटलं, "हा बिचारा सारा वेळ एकटाच? त्याच्याशी बोलायला कोणी नको?"

"मोठीमाय, तो गप्पा मारायला नाही उभा." किती हसला. भरीत तिखट झालं होतं, तेही बोलला नाही.

आज येऊन सांगतो, आधी आमच्यावर गोल झाला, मग तुझं ऐकून त्याला जोडीदार दिला, आणि त्या दोघांनी तो फेडला. बरोबरी. मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. पण काल रात्रभर ते लिंबू माझ्या डोळ्यासमोर का होतं, कोण जाणे.

टांग्यात बसताना म्हणाला, "आता धुळ्याला राहायलाच चल. इथे एकटी काय करतेस?"

"घराला राखण नको का? बघू."

"बघू म्हणजे बठ्ठे मागेच ना?"

टांगा गेल्यावर लुगडी काढून पाहिली. दोन बरी निघाली. धुळ्याला थंडी जास्त असते का, विचारायचं राहिलंच.